आधी खड्डा, मग न्हाणी

जतच्या जुन्या गल्लीतल्या घरात बाथरूम काढायचं ठरलं की गवंडी आधी फरशीचा रंग विचारत नाही. तो परसात जातो, पहार उचलतो आणि जमिनीवर दोन-चार ठिकाणी हाणून बघतो. पहार 'खस्स' करून आत गेली तर मुरूम. चिकटून राहिली, उपटायला जोर लागला तर काळी माती. आणि 'ठण्ण' असा आवाज येऊन हाताला झिणझिण्या आल्या तर खाली काळा पाषाण. त्या तीन आवाजांवर पुढचा निम्मा खर्च ठरतो. घरमालकाला मात्र तोवर कमोड भारतीय की पाश्चात्त्य, गीझर कितीचा, टाइल्स कुठवर, एवढंच डोळ्यापुढे असतं.

ज्या घरात आजवर नळ नव्हता की गटाराला जोडलेला पाइप नव्हता, तिथं नव्यानं न्हाणी-संडास घालायचा हा प्रश्न दिसायला घरगुती आहे. प्रत्यक्षात त्यात भूगर्भ येतो, पाऊस येतो, कायदा येतो आणि सासू-सुनांची सोयही येते. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाला खेटून असलेला जत तालुका हा प्रश्न समजून घ्यायला चांगली जागा आहे, कारण इथं सगळ्याच गोष्टी अवघड बाजूनं येतात. खाली दख्खनचा बेसाल्ट खडक. वर पर्जन्यछायेतला तुटपुंजा, लहरी पाऊस. वस्ती विखुरलेली, वाड्यावस्त्यांची. त्यामुळे मैला वाहून नेणारी भुयारी गटार खेड्यात तर सोडाच, तिचा हिशेब धरून घर बांधण्याची सवयही कुणाला नाही.

पाण्याचं दुखणं किती जुनं आहे ते २०२२ च्या नोव्हेंबरात साऱ्या राज्याला कळलं. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीस गावांची गोष्ट काढली आणि सीमावाद पुन्हा पेटला. त्या गावांनी काही वर्षांपूर्वी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. त्यामागं भाषेपेक्षा तहान जास्त होती; तालुक्याच्या पूर्व भागात मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर नांदतात. म्हैसाळला कृष्णेतून उचललेलं पाणी तालुक्याच्या काही भागात पोचलं होतं, पूर्वेकडच्या गावांना ते पोचत नव्हतं. त्या गदारोळानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेला गती आली. पण ते शेतीचं पाणी. बाथरूमचं पाणी वेगळ्या मापानं मोजावं लागतं.

ते माप असं. टंचाईत टँकर येतो तेव्हा माणशी दिवसाला वीस लिटरचा हिशेब धरतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी पंचावन्न लिटर आहे. आणि गटारव्यवस्था असलेल्या शहरासाठी एकशे पस्तीस लिटर धरले जातात. आता पाच माणसांचं घर घ्या. टँकरच्या दिवसांत त्यांच्या वाट्याला शंभर लिटर येतात. जुन्या धाटणीच्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर जातात. पाचही जण दिवसातून दोनदा गेले की शंभर लिटर संपले. चहालाही पाणी उरलं नाही. उलट तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटरचा एक तांब्या-डबा पुरतो, म्हणजे तेवढ्याच वापराला वीस लिटर. दुकानात मांडलेलं चकचकीत भांडं आणि हे बसकं, खोलगट भांडं यांतला फरक दिसण्याचा नाही, ऐंशी लिटरचा आहे.

मग प्रश्न जागेचा. जत भागातली जुनी घरं दगड-मातीची, वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर किलचा, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. अशा घराच्या आत बाथरूम घालणं म्हणजे मातीत रचलेल्या भिंतीला रोज आंघोळ घालणं. पहिल्या वर्षी भिंतीला ओल येते, दुसऱ्या वर्षी गिलावा फुगतो, तिसऱ्या वर्षी जोत्याची माती धुपायला लागते. म्हणून जाणता गवंडी आग्रह धरतो की बाथरूम घराच्या पोटात नको, पाठीला हवं: परसात, स्वतंत्र पायावर, जुन्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून. घरातल्या म्हाताऱ्यांना रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून मागचं दार आणि बाथरूम यांच्यावर पत्र्याचा एक तुकडा टाकला की झालं. पण हल्ली 'अटॅच'चा सोस आहे. माळवदाच्या घरात अटॅच बाथरूम म्हणजे काय ते चार पावसाळ्यांनंतर कळतं.

आपल्याकडे न्हाणी ही मुळात खोली नव्हतीच. चुलीशेजारी पाण्याचा बंब, एक सपाट दगड, बाजूला तट्ट्याचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा, आणि पाणी वाहून जाई ते अळवाच्या नाही तर केळीच्या बुडाशी. २०११ च्या जनगणनेनं आंघोळीच्या सोयीची नोंद करताना बाथरूमबरोबर 'छप्पर नसलेला आडोसा' असा वेगळा रकाना ठेवला होता, तो उगाच नाही. पुरुष ओढ्यावर, विहिरीवर उरकून घेत. बाईची आंघोळ मात्र पहाटेच्या अंधाराच्या हिशेबानं चाले, आणि शौचाचंही तसंच. खेड्यात बाथरूमचा हट्ट बहुधा सुनेकडून येतो आणि खर्चाचा नकार बहुधा सासऱ्याकडून, यात नवल नाही. गंमत अशी की त्याच न्हाणीनं प्लंबिंगच्या धंद्याला शब्द पुरवला. फरशीतल्या पाणी जाण्याच्या ट्रॅपला आज देशभरचे प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, दिल्लीतसुद्धा.

संडासाची गोष्ट निराळी. तो आडोशानं भागत नाही, त्याला जमिनीखालचं काम लागतं. महाराष्ट्रात या कामाला हात घालणारी माणसं सरकारी योजनांच्या बरीच आधी होऊन गेली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं सोनखत करणारे संडास लोकांपुढे ठेवले; भंगीमुक्ती आणि शेती या दोन टोकांना त्यांनी एकाच खड्ड्यात आणून बसवलं. देहूत वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी औषधाच्या बाटल्यांपेक्षा संडास बांधून घेण्यावर भर दिला. त्यांनी सुरुवातीला बांधवलेले संडास पावसात ढासळले. त्यांनी बांधणी बदलली आणि काम पुढं चालू ठेवलं. संडासाला बायोगॅस जोडण्याच्या त्यांच्या प्रयोगांचा पुढे बराच बोलबाला झाला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या पहिल्या पडझडीचा धडा पद्मश्रीइतकाच महत्त्वाचा आहे: वरची खोली फसत नाही, फसतो तो खड्डा.

सांगली जिल्ह्याचा स्वतःचा वाटाही मोठा. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. झाडू, गटार आणि संडास हे ग्रामसभेचे विषय बनले. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आवारात संडास असलेली घरं शंभरात अडतीसच निघाली. मग २०१४ चं स्वच्छ भारत मिशन, घरटी बारा हजारांचं प्रोत्साहन अनुदान, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा. आकडा धावला. मात्र बारा हजारांत खोली, भांडं आणि दोन खड्डे बसवायचे म्हटल्यावर पहिली काटछाट झाली ती न दिसणाऱ्या भागावर. खडकाच्या गावात तर खड्ड्यावरच. कुठं दोनाऐवजी एक, कुठं चार फुटांऐवजी दोन. काही संडासांत मग शेळीचा चारा, सरपण आणि जुन्या सायकली राहायला गेल्या.

आता त्या खड्ड्याकडे नीट बघायला हवं, कारण सगळी मेख तिथं आहे.

गटार नसलेल्या घराला मुख्यतः दोन वाटा. एक दोन शोषखड्ड्यांचा संडास, दुसरी सेप्टिक टँक. दोन खड्ड्यांची रचना इतकी साधी आहे की लोकांना तिच्यावर भरवसा वाटत नाही. साधारण तीन फूट व्यासाचे, चार फूट खोल असे दोन गोल खड्डे. आतून विटांचं जाळीदार बांधकाम, म्हणजे मधल्या थरांत फटी सोडलेल्या. तळ मोकळा. संडास आणि खड्डे यांच्या मध्ये इंग्रजी 'वाय'सारखी फाटणारी एक छोटी चेंबर. एका वेळी एकच तोंड उघडं, दुसऱ्यावर वीट आणि चिखल. पाच-सहा माणसांना एक खड्डा तीनेक वर्षं पुरतो. भरला की वीट उचलून दुसऱ्या तोंडावर ठेवायची. पाणी आणि वायू जमिनीत जिरतात, आणि बंद ठेवलेल्या खड्ड्यात दीड-दोन वर्षांनी उरतं ते कोरडं, वास नसलेलं, चहापत्तीसारखं भुसभुशीत खत. अप्पासाहेबांचं सोनखत तेच. याला वास जाण्याची उंच नळी लागत नाही, उपसायला गाडी लागत नाही. पिण्याच्या विहिरीपासून दहा मीटर लांब आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीच्या दोन मीटर वर, एवढं पथ्य मात्र हवं.

सेप्टिक टँक ही दुसरी वाट, आणि प्रतिष्ठेची. भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत मीटरभर खोल पाणी राहील एवढी टाकी पुरते. म्हणजे मोठ्या लाकडी दिवाणाएवढी. पण आपल्याकडे टाकी किती मोठी यावर माणसाची ऐपत मोजतात. दहा बाय दहा, दहा फूट खोल, आणि वर अभिमान, 'वीस वर्षांत एकदा उपसली नाही'. ज्या टाकीला वीस वर्षं उपसावं लागत नाही ती टाकी नसतेच. तिला बूड नसतं, किंवा तडा गेलेला असतो, आणि वीस वर्षांचा ऐवज शेजाऱ्याच्या बोअरच्या दिशेनं निघालेला असतो. खरी टाकी पाणी धरते. तिच्यात गाळ खाली बसतो, साय वर तरंगते, मधलं पाणी बाहेर पडतं. ते पाणी स्वच्छ दिसलं तरी स्वच्छ नसतं; त्याला पुढं शोषखड्डा किंवा झाडांचा वाफा द्यावाच लागतो. तो न देता टाकीचा पाइप सरळ रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडणं हा आपल्या तालुक्याच्या गावांचा सर्वमान्य गुन्हा आहे.

जतची जमीन या दोन्ही वाटांना तीन प्रकारे उत्तर देते. मुरमात दोन खड्डे झकास. पाणी चाळणीतून जावं तसं जिरतं. काळ्या मातीत अडचण, कारण ती पाणी पिऊन फुगते, मग जिरवणं थांबवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्याच्या विटा सरकवते. तिथं खड्ड्याभोवती वाळू-खडीचं जाड आवरण द्यावं लागतं. कातळात मात्र ब्रेकर लावायचा तर दिवसाच्या भाड्यानं घरमालकाचा चेहरा उतरतो. अशा वेळी खाली जाण्याचा हट्ट सोडून वर यावं. जोतं दोन फूट उचलायचं, उथळ पण रुंद खड्डे घ्यायचे, त्यांचा निम्मा भाग जमिनीवर ठेवून भोवती मुरमाचा भराव टाकायचा. बाथरूमला तीन पायऱ्या चढाव्या लागतात एवढंच. म्हाताऱ्यांसाठी कठडा बसवावा. माती-खडक ओळखायची साधी परीक्षा कुणालाही करता येते: हातभर खड्डा खणायचा, आदल्या रात्री पाणी ओतून भिजवायचा, सकाळी पुन्हा भरायचा आणि तासाभरात पाणी किती बोटं उतरलं ते काडी लावून मोजायचं. काडीवरची खूण खोटं बोलत नाही.

एक वाट मात्र कुणी सुचवली तरी ऐकू नये. परसात आटलेली बोअर असते, आणि 'ह्यात सोडा की पाइप, पाताळात जाईल' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. बेसाल्टमध्ये पाणी गाळून जात नाही, ते भेगांतून धावतं. त्या भेगा कुठल्या विहिरीला, कुठल्या चालू बोअरला जाऊन मिळतात हे वरून कळत नाही. दोनशे फुटांवरून उपसलेलं पाणी पिणाऱ्या तालुक्यात दोनशे फुटांवर मैला सोडायचा, याला काय म्हणावं?

टाकी बांधली की ती कधीतरी उपसायची आली. २०१३ च्या कायद्यानं माणसाला संरक्षण न देता टाकीत उतरवणं गुन्हा आहे. त्याआधीही ते अमानुषच होतं. बंद टाकीत साठलेला वायू एका श्वासात माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेल्या दुसऱ्यालाही. गाडीच्या नळीनं उपसणं हाच मार्ग. पण गाडीनं उपसलेला मैला जातो कुठं? शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाईनं याचं उत्तर शोधलं. तिथल्या नगरपालिकेनं टाकी तुंबायची वाट न बघता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीनं उपसायचं वेळापत्रक लावलं आणि तो गाळ शुद्ध करणारा प्रकल्प उभारला. गणपतीच्या घाटासाठी प्रसिद्ध असलेल्या गावानं कृष्णेसाठी केलेलं हे काम पर्यटकांना दिसत नाही. जतसारख्या गावांनी मात्र ते जाऊन बघावं.

आंघोळीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात घालू नये, हे सांगूनही लोक घालतात. खड्डा वेळेआधी भरतो आणि दोष खड्ड्याला जातो. साबणाच्या पाण्याला वेगळी वाट हवी. नांदेड जिल्ह्यात रोजगार हमीतून घरोघर शोषखड्डे झाले: चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. गटारं कोरडी पडली, डास हटले. जतमध्ये तेच पाणी गाळून शेवग्याला, कढीपत्त्याला, लिंबाला दिलं तर अधिक शहाणपणाचं, कारण इथं जिरवण्यापेक्षा वापरणं स्वस्त आहे.

नळ-गटार नसलेल्या जागी बाथरूम घालायचा हाच प्रश्न जमिनीखालीही येतो: तळघरात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हा विषय गप्पांत हमखास निघतो, कारण तिथल्या बऱ्याच घरांना तळघर असतं आणि सासू-सासरे सहा महिने राहायला येणार असले की तिथं बाथरूम हवंसं वाटतं. अडचण एका वाक्यात मावते: गटार वर, माणूस खाली. तळघराची फरशी फोडून खाली मोठा डबा पुरतात, त्यात सगळं सांडपाणी गोळा होतं आणि पंप ते वर ढकलतो. फरशी फोडायची नसेल तर कमोडमागं बसणारं दळणयंत्र मिळतं; ते मैला बारीक करून अंगठ्याएवढ्या जाडीच्या पाइपातून चढवतं. वीज गेली की दोन्ही गप्प. भारनियमन भोगलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचा पवित्रा सावध आहे: गटाराची पातळी परवानगी देत असेल आणि मैला उलटा येण्याची भीती नसेल तरच तळघरात बाथरूम.

त्या भीतीला सांगलीत पुरावे आहेत. जिल्ह्याचं खरं तळघर म्हणजे हरिपूरची पेवं, हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली. कित्येक पिढ्या ती कोरडी राहिली आणि २००५ च्या महापुरात पाण्यानं भरली. त्यातली बरीचशी पुन्हा कामाची राहिली नाहीत. २०१९ साली आयर्विन पुलाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा पुराचं पाणी दारातून यायच्या आधी काही घरांत मोरीतून वर आलं. नदीकाठी तळमजल्यालाही उलटं पाणी रोखणारी झडप हवी, तळघराची तर बातच सोडा. पंपाची म्हणाल तर या जिल्ह्यात ती परकी वस्तू नाही. किर्लोस्करवाडी १९१० पासून इथंच आहे. तरी जतच्या कातळात तळघर खणायचं, मग त्यात पाणी न्यायचं, मग ते पंपानं वर आणायचं, असा उपद्व्याप सांगणाऱ्याला गवंडी शांतपणे गच्ची दाखवेल. वरून पाणी आपोआप खाली येतं.

बाकी कसब वरच्या खोलीतलं. संडासाचा पाइप चार इंची, न्हाणीचा तीन, ढाळ फुटाला पाव इंच. कमी दिला तर साचतं. फार दिला तर पाणी पुढं पळतं आणि मागं नको ते राहतं. वळण काटकोनात नको, वळणावर उघडता येणारं तोंड हवं. ट्रॅपमध्ये नेहमी बोटभर पाणी राहिलं पाहिजे, तेच वास अडवतं. घर काही महिने बंद ठेवून उसाच्या तोडीला गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर घाण वास येतो तो ट्रॅपमधलं पाणी उडून गेल्यामुळे, एक तांब्या ओतला की जातो. बोअरच्या जड पाण्यानं शॉवरची भोकं बुजतात आणि गीझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो, म्हणून इथं बादली आणि मग यांना अजून मरण नाही.

फरशी बसवण्याआधी कोब्याची परीक्षा असते. ट्रॅपच्या तोंडाला बोळा लावतात, टाचभर पाणी भरतात आणि भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ ओढून दार लावून घेतात. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवर असलं तर काम पक्कं. जतमध्ये हे काम एप्रिलात निघालं तर घरातली बाई आधी विचारते, एवढं पाणी परीक्षेला? मिस्त्रीला त्याचं उत्तर माहीत असतं. रेघ बघून झाली की तो बोळा काढत नाही. डबड्या-डबड्यानं तेच पाणी उपसतो आणि बाहेर नुकत्याच बांधलेल्या खड्ड्याच्या विटांवर मारतो.